घुबडाचा दांडा

रुद्रेशनं बाजारातून आणलेली पुडी आईच्या किंवा बायकोच्या हातात दिली नाही. चुलीपाशी बसलेल्या वहिनीपुढं ठेवली. महेश्वरीला काही सांगावं लागलं नाही. उंदराचं औषध कालवायचं काम या घरात तिचंच. सासू पार्वतम्मा आणि धाकटी जाऊ, दोघी सवाष्णी. सवाष्णीनं त्याला हात लावला तर संसाराला बाधतं म्हणे. महेश्वरीचा नवरा वारला आणि हे काम तिच्या गळ्यात आलं. तिला बाधायला उरलंच काय होतं?

विषाला औषध म्हणायचं आणि विधवेला अवदसा. आपली भाषाही सोयीनं चालते.

हरभरा घाट्यांनी लगडला होता आणि बांधालगतचा सगळा उंदरांनी कुरतडला होता. रुद्रेशनं पुडी उगाच आणली नव्हती. उंदीर हुशार, आधी साधं खाऊ घालून त्याचा विश्वास बसवायचा, मग त्याच खाऊत पुडी मिसळायची, अशी रीत. म्हणून महेश्वरीनं काल-परवा ज्वारीच्या भरड्यात तेल-गूळ कालवून साध्या गोळ्या बिळांपाशी ठेवल्या होत्या. आज पुडीचा दिवस. तिनं थकल्या हातानं परात ओढली, भरडा घेतला, गूळ फोडला.

जावेची चार वर्षांची शिवप्रिया मागून येऊन तिच्या पाठीवर रेलली.

"मोठीआई, गोळ्या झाल्या?"

"कुठल्या गं?"

"रानातल्या. लई गोड असत्यात. काल म्या खाल्ल्या. उंदराला एक ठिवली."

पार्वतम्मा खुदकन हसली. "बघा, उंदराची वाटणी खाती आमची पोर."

रुद्रेशही हसला. महेश्वरीचा हात परातीतच थांबला. विश्वास एकट्या उंदराचा बसला नव्हता.

तिनं न फोडलेली पुडी दिरापुढं सरकवली. "भावजी, म्या हे कालवणार न्हाय."

"का वैनी, सोमवार धरलाय का?"

"पोर उद्या बी बिळापाशी जाऊन बसल."

"कोंडू की तिला घरात."

"अन् शेजारच्यांची पोरं? मागल्या साली आपली मांजर गेली. मेलेला उंदीर खाऊन घुबड बांधावर पडलं. उंदीर मातर परत आलेच. बिळं खणू, सापळे लावू. रानात दांडे रोवा, रातीला त्यावर घुबडं बसतील, उंदीर टिपतील."

"तवर हरभरा?"

"जाईल थोडा."

"घुबडाला आवतन देती," पार्वतम्मा पुटपुटली. "लई अशुभ."

"म्या बी अशुभच की, अव्वा. म्हणून तर पुडी माझ्यापुढं येती."

रुद्रेश चिडला. पुडी उचलून त्यानं दारात उभ्या बायकोपुढं धरली. पार्वतम्मानं त्याचा हात झटकला. "तिला नको. कपाळावर कुंकू हाय तिच्या."

"मग तुमीच कालवा, भावजी," महेश्वरी म्हणाली. "गड्यामाणसाला कुठं काय बाधतंय."

पुडी हातात घेऊन रुद्रेश परातीपाशी बसला. पलीकडं शिवप्रिया परातीतला गूळ बोटानं चाटत होती. तो पोरीकडं बघत राहिला, मग आपल्या हाताकडं. इतकी वर्षं ती पुडी त्यानं आणली होती. फोडली एकदाही नव्हती. उठला आणि ती आढ्याच्या खाचेत, पोरीच्या हाताला येणार नाही अशी खोचून बाहेर गेला.

महेश्वरीनं त्या भरड्याच्या गोड भाकरी थापल्या. सकाळी खांद्यावर कुदळ आणि लाकडाचे दोन दांडे घेऊन ती रानात गेली. सोबत कुणी आलं नाही. उंदीर काही लगेच हटले नाहीत. हरभरा थोडा गेलाच.

पुडी अजून आढ्यात आहे. तुमच्या घरातली कुठं असते, आणि ती फोडायला तुम्ही कुणाचा हात निवडलाय?