कोठीच्या दाराचं माप

बन्सीधर हा माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात तो आणि त्याची बायको चतुराबाई सोनपेठहून आमच्या पेडगावला आले. त्यांचं नवं घर बांधायचं चाललं होतं आणि त्यांना आमच्या कोठीच्या खोलीचं माप पाहिजे होतं. माझी बायको सगुणा जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

कोठीची खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची, माणसाला आत उभं राहता येईल अशी सामानाची खोली. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे तशी नव्हती. आमच्याकडेही आधी नव्हती. ज्वारी कणगीत, तेलाचा डबा खाटेखाली, लोणचं शिंक्यावर आणि डाळी मडक्यांच्या उतरंडीत असायच्या. खालच्या मडक्यातली तूरडाळ काढायची तर वरची सहा मडकी उतरवावी लागत. सगुणानं अठ्ठावीस वर्षं ती मडकी उतरवली आणि चढवली. दरवर्षी ती म्हणायची, मला एक खोली द्या. मी म्हणायचो, बघू. दुष्काळानंतर दोन पिकं बरी आली, तेव्हा पंचाहत्तर साली बांधली. गवंड्याजवळ ती स्वतः उभी राहिली आणि कोणती फळी किती उंचीवर घ्यायची ते हातानं दाखवलं.

बन्सीधरनं गवंड्याकडून टेप मागून आणला होता. एक टोक माझ्या हातात दिलं.

"दाजी, धरा. दार केवढं?"

"तीन फूट. तिनं मुद्दाम रुंद घेतलं. पोतं खांद्यावर घेऊन माणूस सरळ आत गेला पाहिजे, तिरकं व्हायला नको."

"आन् जमीन वर का उचललीय?"

"ओल चढत नाही. उंदराला बीळ करता येत नाही, खाली शहाबादी फरशी आहे. खिडकी उत्तरेला, उंचावर, जाळी लावून. ऊन आत येत नाही, वारा येतो. चैत्रात भरलेला गूळ दिवाळीपर्यंत पाघळला नाही. जड बरण्या कमरेच्या फळीवर, म्हणजे वाकायला नको. पापड, कुरडया, शेवया वर. आत शिरलं की काय आहे आणि काय संपत आलंय ते एका नजरेत दिसतं. अवचित दहा पाव्हणे आले तरी शेजारी वाटी घेऊन जावं लागत नाही."

हे सगळं सगुणाचं बोलणं होतं. फायदे तिला माहीत होते. मी ते दोन वर्षं नुसतं ऐकलं होतं.

"हिला कोठी झाली की मला भाकरीसंगं दोन-दोन चटण्या मिळणार म्हणं," बन्सीधर म्हणाला.

"चटण्यानं काय हुतंय," चतुराबाई म्हणाली. "ह्यांच्यासाठी दारच चार फुटाचं घ्या. पोट आडकंल."

बन्सीधर हसला. चुलीपुढे माझी सून मनकर्णा भाकरी थापत होती, तीही हसली. मग बन्सीधरनं फळीवरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आक्कानं किती हौसेनं केलं होतं हे. एक शब्द बोलली असती, तर मी गाडी करून परभणीला नेली असती. पर लय हट्टी. दुखणं लपवून ठिवलं. आई अजून म्हणती, माझी लेक हट्टापायी गेली."

मी टेपचं टोक धरून उभा होतो. मनकर्णाचा भाकरी थापायचा आवाज थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत परातीकडे बघितलं. तिला खरं माहीत होतं. अकरा महिन्यांत ती एकदाही बोलली नव्हती.

"दाजी, एक इचारू का?" चतुराबाईनं डोईवरचा पदर नीट केला. "कोठीला ह्यो एकच दार. आमच्या घरात बाई म्हणून मी एकलीच. सासूबाईला दिसत न्हाई. मी चार दिस बाहेर बसल्यावर आतलं कोण काढून देणार? आक्का कशा करायच्या?"

"दाजीसमोर काय इचारायलीस," बन्सीधर म्हणाला.

"खोली बायकांचीच हाय की. मग बायकांचंच इचारणार."

आमच्याकडे बाई बाहेरची झाली की कोठीत जात नाही. तिची सावली लोणच्यावर पडली तरी ते नासतं, असं माझी आई सांगायची, आणि मी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. चार दिवस मनकर्णा आतलं काढून द्यायची आणि मनकर्णाचे चार दिवस असले की सगुणा. उत्तर एवढंच होतं. ते देऊन मोकळं होता आलं असतं. पण चतुराबाई उत्तरासाठी थांबली होती, बन्सीधर अजून फळीला हात लावून उभा होता, आणि मला ते एवढंसं उत्तरही देता येईना.

मी टेपचं टोक खाली ठेवलं आणि म्हणालो, "बन्सीधर, तिनं लपवलं ते खरं आहे. पण माझ्यापासून फक्त दिवाळीपर्यंत लपवलं होतं. त्याच्यापुढं मला ठाऊक होतं."

मग मी त्यांना सांगितलं ते असं.

शहात्तरच्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी मी करडईच्या तेलाचा डबा ठेवायला कोठीत गेलो. सगुणा नुकतीच बाहेर पडली होती. फरशीवर रक्ताचे दोन थेंब होते. मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, श्रावणापासून थांबलंच नाही. कधी कमी, कधी जास्त. पाळी जायच्या वयात असं होतं म्हणतात, म्हणून बोलले नाही. ती तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती.

बायकोला तीन महिने रक्त जातंय हे ऐकल्यावर माणूस काय विचारील? मी विचारलं, "आन् तू तशीच कोठीत जात होतीस?"

ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांनी खोली मिळाली. सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं असतं का?"

त्या दिवशी मी तीन बरण्या लोणचं उकिरड्यावर ओतलं. दोन कैरीच्या, एक लिंबाची. लिंबाचं तिनं त्या तीन महिन्यांतच घातलं होतं आणि कैरीच्याला रोज हात लागला होता. कुरडया गुरांना घातल्या. मनकर्णाला फरशी तीनदा धुवायला लावली. सगुणाला म्हणालो, थांबेस्तोवर बाहेर बस. ती बाहेरच्या उघड्या वसरीवर बसली, गोठ्याच्या भिंतीला लागून. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मला वाटलं आठ-पंधरा दिवसांत थांबेल. थांबलं नाही. मीही परत काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. ती तिथं बसून मनकर्णाला सांगायची, डाव्या हाताची तिसरी बरणी काढ, मिरच्यांना ऊन दाखव, डाळीत राख घाल. सगळी कोठी तिला तोंडपाठ होती. दारापर्यंत मात्र ती एकदाही आली नाही.

एकदा माघात ती म्हणाली, "कंबर लय दुखायलीय." मी म्हणालो, "थंडीनं दुखत असंल."

चैत्रात ती वसरीवरच पडली. तेव्हा परभणीला नेली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला न घेता तिच्या खाटेजवळच विचारलं, एवढा उशीर का केला, सहा महिन्यांपूर्वी आणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तिनं आमाला सांगितलंच न्हाई."

ती जागी होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "खरं का, बाई? घरी सांगितलं नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. म्या सांगितलं न्हाई."

ज्येष्ठात ती गेली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. लोक म्हणायचे, बायकांची जात अशीच, अंगावर काढतात. मी मान हलवायचो. तेरा दिवसांत ती गोष्ट पक्की झाली.

एवढं सांगून मी थांबलो. बन्सीधर उंबऱ्यावर बसला होता. त्यानं टेप गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

चतुराबाईनं हळूच विचारलं, "आन् लोणचं, दाजी? नासलं होतं का?"

"नाही."

"तुमी बघितलं होतं?"

"ओतायच्या आधी मी एक फोड तोंडात टाकली होती. चांगलं होतं."

"तरी ओतलं?"

"तरी ओतलं."

ती मनकर्णाजवळ जाऊन बसली आणि तिच्या हातातली परात आपल्याकडे ओढून घेतली. मनकर्णा तोंडाला पदर लावून रडत होती.

बन्सीधर मला मारील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. पण तो म्हणाला, "माझी आई अकरा महिने अख्ख्या आळीला सांगायलीय, माझी लेक हट्टी हुती. बारशाला सांगती, दळायला आलेल्या बायांना सांगती. तुमी दसऱ्याला आमच्याकडं आला होताव. तुमच्या म्होरं सांगितलं तिनं. तुमी बसून ऐकलं, आन् पुरणाची पोळी खाल्लीत."

"व्हय."

"मग आता चला. हे तिला मी सांगणार न्हाई. तुमी सांगा."

भाकरी झाल्या होत्या, पण कुणी जेवलं नाही. मी टोपी घातली. मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला नाही. आम्ही दुपारच्या एस.टी.नं पाथरीला गेलो आणि तिथं सोनपेठची गाडी धरली. गाडीत बन्सीधर माझ्या पुढच्या बाकावर बसला, एकदाही वळला नाही. शेतं नांगरून पडली होती. मला उतरून मागे जावंसं वाटत होतं. प्रत्येक थांब्यावर वाटलं. चतुराबाई दाराच्या बाजूला बसली होती. ती मला अडवायला बसली होती की जागा मिळाली म्हणून, ते मला कळलं नाही.

माझी सासू सरजाबाई ओसरीवर बसून चाचपत शेंगा फोडत होती. पावलांच्या आवाजावरून तिनं मला ओळखलं.

"दत्तराव आले का? चतुरा, पाव्हण्याला पाणी दे."

"पाणी नको, मामी," मी म्हणालो. "आधी ऐकून घ्या."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पेडगावला सांगितलं ते सगळं परत सांगितलं. फरशीवरच्या रक्तापासून डॉक्टरांपर्यंत. वसरीपाशी येऊन मी थांबलो, तर ती म्हणाली, "सांगा." मी सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिनं ती खाली ठेवली. मग म्हणाली, "वसरीवर म्हंजी कुठं? वारं लागतं तिथं?"

"लागतं."

"पुसाच्या थंडीत तिथंच हुती?"

"व्हय."

"अंगावर काय?"

"घोंगडी. एक."

"मला का न्हाई कळवलं? म्या तिला हितं आणली असती. ह्या घरात चूल आन् खाट एकाच खोलीत हाय. तिला कुठंबी बसू दिलं असतं."

तिला कळवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं. आता एवढं सांगितल्यावर तेवढंच मागं का ठेवायचं?

ती माझ्यावर ओरडली नाही. तिनं डोळे पुसले, मांडीवरची टरफलं झटकली आणि सुनेला म्हणाली, "चतुरा, चांगुणाबाईला बोलीव. आन् ज्या ज्या घरी असतील त्या सगळ्यांना. मी ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांना."

"आत्ता?" बन्सीधर म्हणाला. "आई, दाजी सकाळपासून उपाशी हायेत."

"माझी लेक हट्टी न्हवती," ती म्हणाली. "हे त्यांनी ऐकलं पायजे. माझ्या तोंडून ऐकून उपेग न्हाई. म्या उलटं सांगून बसलेय."

शेजारची चांगुणाबाई हात पुसत आली. तिच्या मागून दोघी आल्या, एकीच्या कडेवर मूल होतं. माझ्याकडे बघून त्यांनी डोईवरून पदर घेतले. जावई घरी आलाय आणि आपल्याला का बोलावलं, ते त्यांना कळेना. सासूनं त्यांना बसायला सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या.

"सांगा, दत्तराव," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी खाली मान घालून पहिला शब्द काढला. आवाजावरून तिला ते कळलं. ती म्हणाली, वर बघून सांगा. मग मी वर बघितलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.