खाऊची पिवळी पिशवी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. खायची नव्हे, विजेवर भात शिजवणाऱ्या भांड्याला 'आता पुरे' असे सांगणारी. माझा जन्म तैवानमधल्या शिनचूचा. मला घडवताना माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत होती. एवढ्या सोवळ्यात तर देवाची मूर्तीही घडत नसेल.

रस्त्यापलीकडेच दुसरा चिपांचा कारखाना होता. दोघांचा डोळा एकाच गिऱ्हाइकावर, ताइचुंगच्या यू शेठांवर. ते वर्षाला चार लाख भांडी बनवत. त्यांची मागणी हुकली, तर आमच्या विक्रीच्या त्साओबाई आणि त्यांची अकरा माणसे घरी बसणार होती. त्यामुळे सगळे माझ्याकडे बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या लेकरासारखे पाहत होते.

आमच्याकडे एक रीत आहे. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याच्यावर कुरकुरीत खाऊची पिशवी ठेवतात. पिशवी हिरवीच हवी, कारण यंत्राचा हिरवा दिवा म्हणजे सारे ठीक. पिवळी म्हणजे खोळंबा. शिवाय खाऊची मुदत संपलेली चालत नाही. भलेभले इंजिनिअर यात कोणाचे ऐकत नाहीत.

चाचणीला शेठांच्या कारखान्यात दोन भांडी शेजारी शेजारी मांडली. एकात मी, दुसऱ्यात रस्त्यापलीकडची चिप. तिच्या बाजूने केस चापूनचोपून बसवलेले को साहेब आले होते. त्यांनी ऐटीत हिरवी पिशवी ठेवली. आमच्या रुआन इंजिनिअरने हळूच आपली पिशवी काढली. ती पिवळी होती!

"अरे, सकाळी हिरवी दिली होती ना तुला?" त्साओबाई किंचाळल्या.

"बाई, गाडीत भूक लागली. मीच खाल्ली," रुआन खाली मान घालून म्हणाला. "स्टेशनवर फक्त पिवळीच मिळाली."

"शेठ, ज्यांना खाऊ सांभाळता येत नाही, ते तुमचा भात काय सांभाळणार?" को साहेब हसले.

मला तर जागच्या जागी वितळून जावेसे वाटले.

तेवढ्यात शेठांच्या थोरल्या बहिणीने, चाचणीखोली सांभाळणाऱ्या यू आक्कांनी, चष्मा चढवून को साहेबांची हिरवी पिशवी उलटी केली.

"अहो, हिची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपलीय!"

"आक्का, यंत्राला कुठं वाचता येतं?"

"मला येतं ना!"

शेवटी दोन्ही पिशव्या बाजूला ठेवून भात लावला. दोन्ही भात मोकळे झाले. खरे सांगायचे तर तिचा किंचित सरस होता. शेठांनी दोन्ही घास सावकाश चावले.

"भात दोघांचाही चांगला," शेठ म्हणाले. "पण उद्या माल बिघडला, तर एक म्हणणार, 'यांना कुठं कळतंय?' दुसरा म्हणणार, 'मीच खाल्ली.' मला दुसरा परवडला."

मागणी आम्हाला मिळाली! त्साओबाई रडल्या आणि रडता रडता त्यांनी रुआनला चांगला धपाटा घातला.

आता खीर आणि केकही जमणाऱ्या नव्या चिपा आल्या आहेत. मी रुआनच्या टेबलाच्या खणात पडून असते. माझी आठवण फार कोणाला येत नाही, याचे वाईट वाटते. रुआन आता मोठा साहेब झाला आहे. दरवर्षी तो माझ्यावर नवी हिरवी पिशवी ठेवतो, आणि चार वाजता भूक लागली की तीच खातो. मग खणात डोकावून मला सांगतो, "मीच खाल्ली गं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, चुकलात तर कबूल करा. आणि कबूल केल्यावर पिशवी भरूनही द्या. माझ्या डोक्यावर गेल्या मार्चपासून काहीच नाही.