न मागितलेला चार्जर

“मामी, बॅटरीचं काय घेऊन बसलीस? हा काय मांडीवर घेऊन मिरवायचाय?” मादियार म्हणाला आणि दुकानदाराकडे बघून हसला. दुकानदारही हसला. झाउरेशला दोघांचंही हसणं आवडलं नाही.

कझाकस्तानातल्या ताराझ शहराच्या बाजारात, त्या गाळ्यात तिच्यासमोर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते. किंमत जवळपास सारखीच. दोन्ही गेम खेळणाऱ्यांसाठी केलेले, त्यातल्या त्यात स्वस्त. झाउरेशला गेमशी काही देणंघेणं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई अकरा वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात लोकांची स्वयंपाकघरं संगणकावर आखून देत होती. कपाटं, ओटा, दिवे, सगळं खरं वाटेल असं उभं करायचं तर ग्राफिक्स कार्ड दमदार लागतं, आणि तिच्या ऐपतीत तसं कार्ड फक्त या पोराटोरांच्या लॅपटॉपमध्येच मिळत होतं.

तिनं पिशवीतून कपाटांवर चिकटवायच्या लॅमिनेटचे चार नमुने काढले आणि एकेक करून स्क्रीनला लावून पाहिला. पहिल्या लॅपटॉपवर पिस्ता रंग जुन्या फडक्यासारखा दिसत होता. दुसऱ्यावर पिस्ता पिस्ताच दिसत होता.

“हा दुसरा घेते,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक रंग बघून हो म्हणतं.”

“अगं, पण याचं कार्ड एक पायरी खाली आहे. दोन वर्षांनी तुझा प्रोग्राम नवा आला की रडशील. स्क्रीन काय, बाहेरून दुसरी जोडता येते. कार्ड बदलता येतं का? विचार यांना.”

“कार्ड नाही बदलता येत, ताई,” दुकानदार म्हणाला. “पण खरं सांगतो, पहिल्याचे पंखे फार ओरडतात. आणि वायर काढली की सव्वा तासात झोपतो.”

“काढायची कशाला वायर? घरातच तर बसणारे मामी.”

मादियार पटण्यासारखं बोलत होता, आणि पुढची सगळी चीड त्याचीच होती. नणंदेचा हा सव्वीस वर्षांचा मुलगा साऱ्या नातेवाइकांचे संगणक दुरुस्त करायचा. दुकानदार आपल्याला गंडवेल या भीतीनं झाउरेशनंच त्याला फोन करून बोलावलं होतं. तिनं पहिला लॅपटॉप घेतला. खोक्यातून चार्जर निघाला तो चांगला विटेएवढा.

“हा कुणाच्या डोक्यात घातला तर पोलीस येतील,” ती म्हणाली.

“ताकदवान मशीनला खायला लागतं, मामी.”

शुक्रवारी तिनं नोकरी सोडली. कारखान्याचा मालक तिच्या चित्रांखाली स्वतःचं नाव टाकायचा आणि गिऱ्हाइकासमोर तिला ‘आमची मुलगी’ म्हणायचा. तिनं त्याच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, “मुलगी सासरी चालली.” घरी येईपर्यंत तिचं तिलाच हसू येत होतं. पहिलं काम हातात होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शाळेतल्या बाईंचं छोटं स्वयंपाकघर, गुरुवारी चित्र दाखवायचं. शनिवारी तिनं प्रोग्राम टाकला आणि ओट्याची पहिली रेघ ओढली. रेघेखाली तिचंच नाव येणार होतं.

रविवारी दुपारी नणंद केंजेगुल मुलाला घेऊन चहाला आली. सासरे वरच्या, मानाच्या जागी बसले होते, झाउरेशचा नवरा आमानताय त्यांच्या शेजारी. सतरंजीवर पिठाचे तळलेले बाउरसाक, लोणी, मटणाची परात. बाहेर नेहमीचा वारा खिडक्या खडखडवत होता. नवी वस्तू पहिल्यांदा पाहणाऱ्यानं हातावर काहीतरी ठेवायचं असतं, म्हणून नणंदेनं चॉकलेटचा डबा ठेवला.

“बाई गं, हे एवढं महागाचं?” ती म्हणाली. “आता वहिनीला माणसं दिसायची नाहीत, नुसते ओटे दिसतील.”

झाउरेश खुशीत होती. खुशीत ती बोलून गेली, “तुमच्या मादियारनंच निवडलाय. त्याचाच म्हणा ना.”

बोलली आणि तिनं जीभ चावली. भाच्यासमोर, तेही सासऱ्यांच्या देखत, असलं बोलायचं नसतं. हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं.

मादियारनं चहाची वाटी खाली ठेवली. “मग मामा, भाचा म्हणून मागतो. माझी पहिली मागणी. हा लॅपटॉप.”

बहिणीच्या मुलानं आजोळी तीनदा हवं ते मागावं आणि आजोळानं कपाळाला आठी न घालता द्यावं, ही रीत. पूर्वी भाचे शिंगरू मागत, खोगीर मागत. मादियारनं आजवर काहीच मागितलं नव्हतं, आणि घरात त्याचं कौतुक होतं, की पोराला हाव नाही.

झाउरेश त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, “तुझ्याकडे घरी मोठी स्क्रीन आहे, नाही का?”

“आहे की,” तो म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले.

म्हणजे गाळ्यात उभा राहून हा तिचं काम तोलत नव्हता. स्वतःचे गेम तोलत होता. फिका पिस्ता त्याला चालणार होता, सव्वा तासाची बॅटरी चालणार होती. तिला इतका राग आला, की परातीतलं हाड उचलून त्याच्यावर भिरकावावंसं वाटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. आमानताय मागोमाग आला.

“आवाज करू नकोस,” तो म्हणाला. “बाबा बसलेत.”

“तुझी वस्तू मागितली असती तर दे म्हटलं असतं. तुझी गाडी दे.”

“गाडी त्यानं मागितली नाही.”

“मागेल कशाला? निवडून घेतलंय त्यानं, माझ्याच डोळ्यांदेखत. नोकरी सोडलीय मी, आमानताय. गुरुवारी कुठल्या तोंडानं जाऊ शाळेतल्या बाईंपुढं?”

“मालकाला बोल ना दोन गोड शब्द. भाच्याला मी नाही म्हटलं तर ताई जन्मभर माझ्या दारात यायची नाही.”

“आणि मी काय करायचं जन्मभर?”

त्यानं नळ सोडला आणि स्वच्छच असलेले हात धुतले. बावीस वर्षांच्या संसारात अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला हा माणूस हात धूत आला होता. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, “सूनबाई, हे रीत मोडणारं घर नाही.”

झाउरेश बाहेर गेली. लॅपटॉप बंद केला, दोन्ही हातांनी उचलला आणि मादियारच्या हातात दिला. “घे. कपाळाला आठी नाही ना माझ्या? बघा सगळ्यांनी.” कुणी तिच्याकडे बघितलं नाही. सासऱ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद दिला आणि मटणाची परात पुढं सरकली.

सोमवारी सकाळी फोन आला.

“मामी, चार्जर राहिला गं तुमच्याकडे. आतल्या खोलीत भिंतीला असेल.”

“राहिला नाही. आहे.”

“मग मामाच्या गाडीतून पाठव ना.”

“तू लॅपटॉप मागितलास. चार्जर मागितला नाहीस.”

तो हसला. “तो लॅपटॉपबरोबरच असतो, मामी.”

“आणि बॅटरीचं काय घेऊन बसलीस, असं कोण म्हणालं होतं? चालव की सव्वा तास.” तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचाही तिला राग येत होता. “हे बघ, तुझ्या दोन मागण्या शिल्लक आहेत. ये. आजोबांसमोर बस, तुझ्या आईला घेऊन ये, चार नातेवाईक बोलव. आणि म्हण, आजोळी मी दुसरी मागणी करतो, मला एक वायर द्या. त्याच क्षणी देईन.”

अख्ख्या गोतावळ्यात आयुष्यभर पुरेल असं हसं होतं ते, आणि मादियारला ते झाउरेशइतकंच कळत होतं. त्यानं फोन ठेवला.

चार्जर बाजारात मिळतो हे तिला माहीत होतं. तो विकत आणेल, आठवडाभरात खेळायला बसेल. तिचा लॅपटॉप काही परत येणार नव्हता. पण तेवढं तरी त्याला स्वतःच्या खिशातून घ्यावं लागेल.

आमानताय कामावर निघताना दारात थांबला. “दे तो इकडे, जाता जाता टाकतो. कशाला उगीच वाकडेपणा?”

“हात लावून बघ,” ती म्हणाली. त्यानं लावला नाही.

तो गेल्यावर तिनं कपाटाच्या तळातून चौकटीच्या कागदाची जुनी गुंडाळी काढली. हातानं आखणं तिनं अकरा वर्षांत केलं नव्हतं. पेन्सिलीला टोक केलं, शाळेतल्या बाईंच्या ओट्याची रेघ पुन्हा ओढली, वाकडी आली म्हणून खोडली आणि परत ओढली. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. रंग दाखवायला तिनं पिस्ता लॅमिनेटचा नमुनाच कागदावर चिकटवला. तो रंग तरी खरा होता.

खिडकीच्या फटीतून वारा आत आला आणि कागद गुंडाळायला लागला. तिनं एका टोकावर मापाची पट्टी ठेवली. दुसऱ्या टोकावर चार्जर ठेवला आणि काम करत राहिली.