मूळ फाइल

"याला स्क्रूच नाय. सुशील, खोलायचा कसा हा डबा?" अनिताने विचारलं.

सुशील तिचा मामेभाऊ. रोह्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने तो जाड पुस्तकाएवढा काळा डबा उलटापालटा करून पाहिला. टेबलावरून पडल्यामुळे वायर लावायचं तोंड आतच तुटून बसलं होतं.

"बाहेरची हार्ड डिस्क खोलायची नसतेच, ताई. कंपनीत पाठव. महिनाभरात नवीन देतील."

"आणि आतलं?"

"आतल्याची जबाबदारी ते घेत नाय."

"मग मला नवी नको. आज तीनला पेणला सुनावणी हाय."

अनिता घरत पेणच्या रामवाडीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवायची. माहेर खाडीकाठचं. सहा वर्षांपूर्वी तिथला समुद्राचं पाणी अडवणारा बांध फुटला आणि भाताच्या शेतांत खारं पाणी शिरलं. तेव्हापासून दर उधाणाला ती आईच्या शेताजवळ एकाच जागी उभी राहून फोटो काढायची. सगळे फोटो या डब्यात होते. भरपाई मागितली तर सरकारी कार्यालयाचं म्हणणं एकच, पाणी कायम येत नाही, लोकांनीच शेती पडीक टाकली. गेल्या साली तिने फोटोंची सीडी दिली. ती 'सापडत नाही' म्हणाले. मूळ फाइल असेल तर सुनावणीला आणा, असं पत्र मात्र आलं.

"आत साधीच डिस्क असते," सुशील म्हणाला. "डेस्कटॉपमध्ये बसते. पण काही डब्यांत टोकाला जोडलेली सर्किटची पट्टीच कुलूप असते. पट्टी काढली की डिस्क कोरी दिसते. वॉरंटी जाईल ती वेगळीच."

"डिस्क जोडायची वायर दे."

"ऐक तरी."

"ऐकलं. वायर दे."

दुपारी बाराला ती पेणला आपल्या दुकानात परतली. आई, बायजाबाई, सुनावणीसाठी गावाहून येऊन बाकावर बसली होती. लग्नपत्रिका दुमडायची प्लास्टिकची पट्टी अनिताने डब्याच्या फटीत घातली आणि जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. बायजाबाई दचकली.

"मोडला काय गो?"

"मोडायलाच घेतलाय."

आत खरंच साधी डिस्क निघाली. टोकाला हिरवी पट्टी होती. दोन बारीक स्क्रू काढून तिने ती पट्टी वेगळी केली. मग आपल्या जुन्या डेस्कटॉपची पेटी उघडली, आतली धूळ फुंकली, रिकाम्या खणात डिस्क बसवली आणि सुशीलने दिलेली व विजेची अशा दोन्ही वायरी जोडल्या.

"फोटो गेलं असलं तर?" बायजाबाईने विचारलं.

"तरी जायचंच हाय."

बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीनवर बराच वेळ काहीच येईना. मग एक नवं चौकोनी चिन्ह उमटलं. आत 'उधाण' नावाचं फोल्डर होतं, त्यात तीनशे बारा फोटो. तिने कॉम्प्युटर बंद केला, पेटीचं झाकण लावलं आणि रिक्षा बोलावली.

"हे काय आणलंत?" कार्यालयात पेटी टेबलावर ठेवताच सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"मूळ फाइल."

"अहो, पेन ड्राइव्ह आणायचा!"

"सीडी दिली होती, साहेब. ती तुम्हाला सापडत नाय. ही पेटी तरी दिसेल."

मागे उभे असलेले गाववाले हसले. कारकून म्हणाला, सरकारी स्क्रीन बाहेरच्या मशीनला लावता येणार नाही.

"मग माझी स्क्रीन आणते. तोवर सुनावणी थांबवा."

साहेबांनी हातानेच 'लावा' म्हटलं.

पहिल्या साली भाताच्या लोंब्यांपर्यंत चढलेलं पाणी. पुढच्या साली काळी पडलेली भाताची धसकटं. मग पांढरी, मिठाळलेली जमीन. शेवटी खाऱ्या पाण्यातच वाढणारी तिवरांची झाडं. प्रत्येक फोटोत तोच वाकडा विजेचा खांब आणि खाली तारीख.

कारकुनाने लिहिलेला कागद अनिताने सही करण्याआधी वाचला. 'ग्रामस्थांच्या म्हणण्यानुसार भरतीचे पाणी वर्षानुवर्षे शेतात येते.'

"पहिले दोन शब्द काढा. आता तुम्ही स्वतः बघितलंत."

"बाई, भाषा अशीच असते."

"मग परत लावते. पहिल्यापासून. तीनशे बारा हायेत."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. पेन काढून त्यांनी ते दोन शब्द खोडले, बाजूला सही केली.

"डिस्क तपासणीसाठी इथे ठेवून जा."

"तपासणी माझ्या दुकानात करा. नऊला उघडते."

गाववाले एकेक करून सह्या करून बाहेर पडले. अनिता बटण दाबून मशीन बंद करायला वाकली. बायजाबाई मात्र खुर्चीतून उठली नव्हती. स्क्रीनवर शेवटचा फोटो तसाच होता. तिने पुढे होऊन तिवरांच्या मधोमध बोट टेकवलं.

"हितं आपला भाताच्या रोपांचा राब होता," ती म्हणाली. "हितनं रोपं काढून शेतात लावायचो."

कारकून किल्ल्या हातात घेऊन ताटकळत होता. अनिताने बटणावरचा हात मागे घेतला आणि आईचं बघून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.