काळी चार

"आवाज बसून किती दिवस झाले?" डॉक्टरांनी पेन उचलत विचारलं.

"दीड-दोन महिने," देवमन म्हणाले. घशातून शब्दाबरोबर नुसती हवाच जास्त येत होती. "थंडीनं धरला, साहेब. काढा पिऊन राहिलो."

मागच्या स्टुलावर बसलेल्या वामनरावांनी मान खाली घातली. हा हिशेब चुकीचा होता, आणि तो किती चुकीचा आहे हे त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी घशातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. "दीड महिन्यात एवढं वाढलं? नीट आठवा. गाठ किती वेगानं वाढतेय, त्यावर पुढचं ठरतं."

देवमननी शेजारी बसलेल्या बायकोकडे, भागीरथाबाईंकडे पाहिलं.

वामनराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडायची. राजापेठेतल्या गुरुवारच्या भजनी मंडळात ते पेटी धरत तेसुद्धा मागे, भिंतीला टेकून. देवमन पुढे माईकसमोर. बहात्तराव्या वर्षी काळी चारसारख्या उंच पट्टीतून गायचे आणि मिरवायचेही, "आजकालची पोरं पांढरी एकमधीच खोकलतात!"

गेल्या चैत्रात एका अभंगाच्या अंतऱ्यावर त्यांचा आवाज फाटला. कोणीतरी हसलं. घरी जाताना देवमन एवढंच म्हणाले, "आवाज गेला त गुरुवारी मी घरीच बसीन, वामनराव."

पुढच्या गुरुवारी वामनरावांनी न विचारता पेटी अर्ध्या सुरानं खाली धरली. देवमनची पेटीकडे पाठ. साथीला खंजिरी, तिला पट्टीचं सोयरसुतक नाही. अंतरा सुखरूप गेला. देवमननी मागे वळून विचारलं, "काळी चारच ना?"

"तीच," वामनराव म्हणाले.

मग दर दीड-दोन महिन्यांनी पेटी आणखी खाली येत गेली. पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. कार्तिकात तर काळी दोन. दरवेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आपण बरं करतोय की वाईट, हा विचार वामनराव रात्रभर करत आणि गुरुवारी पुन्हा तेच करत.

"डॉक्टरसाहेब," ते उभे राहिले. "आठ महिने झाले."

"तुम्हाला कसं माहीत?"

वामनरावांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. पट्ट्यांची नावं डॉक्टरांना कळली नसावीत. त्यांनी फक्त आधीचा आकडा खोडून आठ लिहिलं.

"तेव्हाच आला असतात तर किरणांच्या शेकावर भागलं असतं," ते म्हणाले. "आता स्वरयंत्र काढावं लागेल."

डॉक्टर ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आणायला बाहेर गेले.

"भाऊजी," भागीरथाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी घरी रोज म्हणत होती, आवाज घोगरा झाला, दाखवा. त्यायनं मले काय म्हणलं मालूम? म्हणे, अजून काळी चारमधी गाऊन राहिलो, वामनरावाची पेटी खोटं बोलते काय?"

वामनरावांना स्टूल सापडेना. ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

"मी... तुम्ही घरी बसू नये म्हणून..."

देवमननी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं.

"काळी दोन," ते म्हणाले. "म्हंजे दिवाळीले लोकायनं वाहवा केली, ते काळी दोनले."



नर्स फॉर्म घेऊन आली. "घरच्या माणसाची एक सही, आणि एक साक्षीदार."

भागीरथाबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली. नर्सनं दाराबाहेर नजर टाकली. "आणखी कोण आलंय सोबत?"

देवमननी कागद ओढून घेतला आणि वामनरावांपुढे सरकवला. त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही.

वामनरावांनी सही केली. शेजारी रकाना होता, 'रुग्णाशी नातं'. पेन तिथे थांबलं.

"लिवा न," देवमन घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नर्सबाईले दुसरे पेशंट हायेत."

वामनरावांनी लिहिलं, 'पेटीवादक'. नर्सनं ते वाचलं आणि कागद फाइलला टाचला.