तिसरा थर

२०१२ साल. मे महिन्यातला शुक्रवार होता आणि इटलीतल्या लिव्होर्नोच्या बंदरावरच्या प्रयोगशाळेत निळ्या हातमोज्यांचं खोकं रिकामं निघालं. इल्वाने ते उलटं करून दोनदा झटकलं. पुढ्यातल्या साच्यात यंत्राच्या मऊ हाताचा तिसरा थर नुकताच ओतलेला. ऑक्टोपसच्या हातासारखा हा हात पाण्यात वळावा म्हणून त्यात एक दोरी बसवायची असे, ती दोरी एका अंगाला सरकत चालली होती. सिलिकॉन कुणासाठी थांबत नाही. अर्ध्या तासात आळायला लागतं.

बेसिनवर भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे पडले होते. रबर सिलिकॉनला लावायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. रबरातला गंधक लागला की तेवढी जागा आळतच नाही, विरजण न लागलेल्या दुधासारखी राहते. पण उघड्या हाताने करावं तर बोटांना भेगा होत्या, त्यात ते रसायन झोंबे. शिवाय इथे येण्याआधी तिने पंचवीस वर्षं रबरी होड्या चिकटवण्यात काढलेली. रबराचं तिला कधी भय वाटलंच नव्हतं.

एकच बोट, एकदाच, असं मनाशी म्हणत तिने पिवळा हातमोजा चढवला आणि दोरी सरळ केली.

शनिवारी सकाळी ती मुद्दाम येऊन पाहून गेली. तळहाताएवढी जागा चिकट राहिली होती. हात पुन्हा करायचा तर दहा दिवस हवे होते आणि पैसे देणारी मंडळी गुरुवारी ब्रसेल्सहून यायची होती. होड्यांच्या कारखान्यात चिकट जागेवर शंखजिऱ्याची पूड मारत. तिनेही मारली, बोटाने सारखी केली आणि वर चौथा थर ओतला. वरून हात लोण्यासारखा गुळगुळीत दिसत होता.

गुरुवारी धक्क्यावर सगळे जमले. हात पाण्यात उतरला, वळला, तळाशी ठेवलेल्या कडीला त्याने विळखा घातला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आतच वरचा थर साल सुटावी तसा सुटला, आत पाणी शिरलं, आणि हात भिजलेल्या मोज्यासारखा लोंबू लागला.

पाहुणे जेवायला गेल्यावर प्रोफेसर ग्वाराल्डी मागे वळले. "प्रमाण चुकलं की सिलिकॉन आळत नाही. मिसळायच्या दोन्ही बाटल्यांचं वजन कुणी केलं होतं?"

"मी," लेडा म्हणाली. ती चौतीस वर्षांची संशोधक, शेजारच्या पिसाची. जूनमध्ये तिचा करार संपत होता आणि तो वाढणार की नाही हे या हातावर ठरायचं होतं.

"बरोबर केलं होतंस?"

"मला वाटतं... हो. दोनदा बघितलं होतं."

"वाटतं?"

धक्क्यावर होडी सांभाळणारा ओत्तोरिनो चण्याच्या पिठाची पोळी घातलेला पाव खात उभा होता. "अहो प्रोफेसर, पिसाच्या माणसाला कसलं वजन विचारता! ज्यांना मनोरा ओळंब्यात धरता आला नाही, ते ग्रॅम काय धरणार?"

सगळे हसले. लिव्होर्नोत पिसावर हसायला कारण लागत नाही. इल्वाही हसली. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या सगळ्यातलं हे हसणंच जास्त बोचायचं.

लेडा संध्याकाळी तिच्याकडे आली. "इल्वा, मी वजन करत होते तेव्हा तुम्ही शेजारीच होतात ना? काट्यावरचा आकडा बरोबर होता ना हो? मला आता माझंच काही कळेनासं झालंय."

इल्वाच्या पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. नवरा दोन वर्षं घरी बसून. साच्याचा स्क्रू घट्ट करता करता ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं गं, पोरी."

लेडाचा करार वाढला नाही.

प्रयोगशाळेने नंतर खूप नाव कमावलं. पुढचे हात समुद्राच्या तळावरून शिंपले अलगद उचलू लागले, आणि ते सगळे इल्वानेच ओतले, निळे हातमोजे घालून. ग्वाराल्डी मोठ्या पदावर रोमला गेले. ओत्तोरिनो २०१६ मध्ये हृदयविकाराने गेला. इल्वा २०१५ मध्ये निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिने प्रोफेसरांना सगळं सांगितलं. "आता कशाला ते उकरायचं, इल्वा?" असं म्हणून त्यांनी तिच्या हातात केकची सुरी दिली.

लेडा एल्बा बेटावर शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचा पत्ता इल्वापाशी होता. तरी पिओम्बिनोच्या बंदरातून तिकडची बोट धरायला तिला २०१९ उजाडलं.

लेडाने आनंदाने दार उघडलं, कॉफी ठेवली. कॉफी तयार व्हायच्या आत इल्वाने सगळं सांगून टाकलं. लेडाने दोन कप काढले. मग विचारलं, "कितवा थर?"

"तिसरा."

"आणि त्यावर पूड?"

"हो."

"म्हणून चौथा धरला नाही." तिने मान हलवली. "म्हणजे माझं वजन बरोबर होतं."

"बरोबर होतं. मी काटा पाहिला होता, पोरी. एका ग्रॅमचा फरक नव्हता."

लेडाने गॅस बंद केला. कॉफी कपात ओतली, दोघी प्यायल्या. ती रागावली नाही, रडली नाही. "तुमची बोट पाचची ना? चला, धक्क्यापर्यंत येते."

तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चार पायऱ्या उतरल्यावर "एक मिनिट हं" म्हणून पुन्हा वर गेली, पुन्हा ओढलं. लिव्होर्नोत असताना ही मुलगी प्रयोगशाळेच्या किल्ल्या दारालाच विसरून जायची.

रस्त्यावर आल्यावर ती परत थबकली. वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत म्हणाली, "गॅस बंद केला ना मी?"

"केलास," इल्वा म्हणाली. "माझ्यासमोर केलास. मी पाहिलंय."

लेडाने तिच्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे. मग हातातली पिशवी इल्वाकडे दिली आणि ती पुन्हा जिना चढू लागली.