पात्याखालची दांडी

मी एक जुनी दांडी आहे. हसू नका मित्रांनो! झेंड्याची नव्हे की खराट्याचीही नव्हे. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर मोठा पंखा फिरतो ना, त्याच्या प्रत्येक पात्याला खालून धरणारी एक पोलादी दांडी असते. पाते फिरता फिरता कलते, सरळ होते, पुन्हा कलते. ते आम्ही कलवतो. खाली पायलटचा हात हलला की तो निरोप आमच्यामार्फत वर जातो. आम्ही तुटलो तर पाते कोणाचेच ऐकत नाही.

कारखान्यात मला तापवले, कातले, घासून घासून गुळगुळीत केले. माझीच मला दृष्ट लागेल असे रूप होते! मग माझ्या पोटावर ताण मोजणारी एक बारीक पट्टी चिकटवली, वर रबरासारखा जाड लेप दिला आणि मला चाचणीच्या हेलिकॉप्टरवर बसवले. काय तो मान! हेलिकॉप्टर उतरले की आधी माझे आकडे बघायचे.

ते उडवायची एक ताई. पंख्यावर किती भार येईल याचे गणित करायचा तिचा सख्खा थोरला भाऊ. तो तिला चारचौघांत चिमे म्हणायचा आणि ती लटकेच चिडायची.

सरळ उडताना गणिताचे आणि माझे अगदी गुळपीठ. पण एकदा ताईने भरवेगात हेलिकॉप्टर झटकन वर खेचले आणि तसेच तिरपे वळवले. अशा वळणात मागे जाणाऱ्या पात्यावरून हवा मध्येच सुटते, पाते पिळवटते, आणि तो हिसका बसतो माझ्या अंगावर. प्रत्येक फेरीला! जीव मेटाकुटीला आला. गणिताने सांगितले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट भार मी सोसला, आणि पट्टीने तो जसाच्या तसा सांगितलाही.

दादा आकडा बघून म्हणाला, "छे! पट्टी नीट चिकटली नसणार."

आकडे तपासायच्या त्या खोलीतली ही जुनी खोड. आकडा गणिताशी जुळला तर मोजमाप उत्तम, नाही जुळला तर पट्टी बिघडली. नवी पट्टी लावली, वर पुन्हा लेप दिला. ताईने पुन्हा तसेच वळण घेतले, पट्टीने पुन्हा तेच सांगितले. मला वाटले, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. कसचे काय! "ही दांडीच विचित्र आहे," असा निकाल लागला. माझे आकडे वगळले आणि तसली वळणे घ्यायला परवानगी मिळाली. माझ्या जागी माझी धाकटी बहीण बसवली. तिच्या अंगावर पट्टीसुद्धा नाही. तिला काय सोसावे लागतेय, हे विचारणारेच कोणी नाही.

दादा वाईट आहे असे समजू नका हं. ताईवर त्याचा फार जीव. ते गणित त्याने तिच्याच काळजीने केले होते, म्हणून तर ते चुकले असेल हे त्याच्या मनालाही शिवत नाही.

हल्ली मी त्याच्या टेबलावर कागद दाबून बसते. फोनवर बोलता बोलता तो माझा लेप नखाने खरवडतो. त्या लेपाखाली मला चीर गेली आहे, मित्रांनो. केसाएवढी बारीक, पण आत खोल. आणखी जरासे खरवडले तर दिसेल. दरवेळी फोन संपतो आणि तो मला खाली ठेवतो. मला तोंड नाही, काय करू? पूर्वी आशा होती, आता तीही सोडली.

तुम्ही मोठे झालात की काहीही मोजा, पण नको असलेला आकडा आला म्हणून तो टाकून देऊ नका. ज्या वस्तूने तो दिला, तिच्याकडे एकदा नीट बघा. हे मी माझ्यासाठी नाही मागत. मला कोणी बघितले काय नि नाही काय. पण हेलिकॉप्टर ठेवायचे हँगर समोरच आहे, आणि पंखा सुरू झाला की बहिणीची कुरकुर मला इथवर ऐकू येते. चीर पडण्याआधी मीही अशीच कुरकुरत होते.

आज सकाळी ताई खोलीत आली. नव्या पायलटांना तिला तीच वळणे करून दाखवायची होती. तिने मला सहज उचलले.

"दादा, ही मला दे ना. चाचणीची आठवण म्हणून ठेवीन."

"घे की. पण आत्ता नको, कागद उडतील. संध्याकाळी ने."

"बरं," म्हणून ती हेल्मेट घेऊन गेली. थोड्या वेळाने बाहेर पंखा सुरू झाला. वाऱ्याने कागद फडफडले, तसे दादाने मला उचलून नीट मधोमध ठेवले.